सूर्याचा अंदाज आणि बंद ठेवलेला फोन

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. ११ मे २०२४. सणाची भांडी अजून पालथी वाळत होती आणि मी जरा पाय पसरून मोबाइल बघत बसले होते. सकाळपासून टीव्हीवर एकच बातमी फिरत होती. सूर्यावर मोठं वादळ झालंय, पृथ्वीवर येऊन आदळलंय. युरोप-अमेरिकेत आकाश गुलाबी, हिरवं झाल्याचे फोटो दाखवत होते. तेवढ्यात माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा. अंगाजवळ ठेवू नका. सूर्यावरून घातक किरण येणार आहेत. नासाने सांगितले आहे. आपल्या माणसांना कळवा.' खाली हात जोडलेले.

मैत्रिणींनो, मी तो मेसेज उचलला आणि आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. चांगल्या मनानेच. सकाळी टीव्हीवर पाहिलं होतं ना, मग खरंच असणार. आणि गटाची अध्यक्ष मी. बायका माझं ऐकतात.

आमच्या गटातल्या एका काकूंनी ते ऐकलं. पापड-शेवया करतात, हाताला फार चव. त्यांची लेक दुसऱ्या तालुक्यात दिलेली, दुसरं बाळंतपण, दिवस भरत आलेले. काकूंनी रात्री फोन बंद केला आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पहाटे पावणेदोनला लेकीला कळा सुरू झाल्या. जावयांनी सात वेळा फोन लावला. सगळे सात वेळा तेच उत्तर. मोठं पोर शेजारी ठेवून ते दोघं रिक्षाने दवाखान्यात गेले. देवाच्या दयेने सगळं नीट झालं, नात झाली. पण सकाळी काकू पोचल्या तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "आई, फोन का बंद होता गं तुझा?"

काकूंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच जास्त लागलं. म्हणून मी ठरवलं, हे सूर्याचं वादळ म्हणजे आहे तरी काय, खरं किती आणि खोटं किती, हे समजून घ्यायचं. मी बी.ए. झालेली, विज्ञानाशी दहावीनंतर संबंध सुटलेला. पण धाकट्या वन्सं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्या आल्या होत्या. त्यांना धरून बसवलं. मग पुस्तकं, मासिकं, बातम्या असं शोधत गेले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

वादळ खरं होतं, मेसेज खोटा होता

पहिली गोष्ट, वादळ अगदी खरं होतं. १० मेच्या रात्री, आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, सूर्यावरून निघालेला तप्त वायूचा लोंढा पृथ्वीपाशी येऊन थडकला. वादळाच्या पाच पायऱ्या असतात, त्यातली ही पाचवी. ऑक्टोबर २००३ नंतर एवढं मोठं वादळ पहिल्यांदाच आलं. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा आकाशातला प्रकाश त्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतूनही लालसर दिसला. अमेरिकेत मक्याच्या पेरण्या चालल्या होत्या. तिथले ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत चालतात. ते इशारेच चुकायला लागल्यामुळे अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

आणि दुसरी गोष्ट, या वादळाचा खरा इशाराही आदल्या दिवशी दिला गेला होता. अमेरिकेत हवामान खात्याचं सूर्यावर नजर ठेवणारं एक केंद्र आहे. त्यांनी ९ मे रोजी चौथ्या पायरीच्या वादळाची शक्यता जाहीर केली. असा इशारा त्यांनी जानेवारी २००५ नंतर पहिल्यांदाच दिला होता. त्या इशाऱ्यात मोबाइल डब्यात ठेवा असं कुठेही नव्हतं. कारण अशा वादळाने जमिनीवरच्या माणसाच्या अंगाला काही होत नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व आणि आपल्या डोक्यावरची हवा, ही दोन पांघरुणं आपल्याला राखतात. त्रास होतो तो उपग्रहांना, रेडिओच्या लहरींना आणि लांब पल्ल्याच्या विजेच्या तारांना.

म्हणजे एकाच दिवशी दोन अंदाज फिरत होते. एक खरा, एक खोटा. खरा अंदाज तयार करायला माणसांनी वर्षानुवर्षं घालवली. खोटा तयार करायला कुणाला दोन मिनिटं लागली असतील. माझ्यापर्यंत पोचला तो खोटा, आणि पुढे पोचवला तो मी.

न दिसणारं चुंबक

"वहिनी, शाळेत कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस टाकला होता, आठवतं?" वन्सं म्हणाल्या. आठवलं. किसाच्या कशा कमानी कमानी झाल्या होत्या! सूर्यही तसाच एक चुंबक आहे. पण साधा नाही, हजारो चुंबकांचा गुंता. सूर्य दगडासारखा घट्ट नाही, तप्त वायूचा गोळा आहे. त्याचा मधला भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी मारतो, ध्रुवांकडचा भाग सुमारे ३५ दिवस घेतो. एकाच अंगाचे दोन वेग. त्यामुळे या चुंबकी रेषांना पीळ पडत जातो. वेणी घालताना पेड फार घट्ट ओढला तर काय होतं? रबर तुटतं आणि सटकन लागतं. सूर्यावर तसंच होतं. पीळ फार वाढला की रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ताकद एकदम बाहेर पडते. तो स्फोट, आणि त्याच्याबरोबर फेकला जातो तो वायूचा लोंढा. मे २०२४ मध्ये ज्या डागातून हे लोंढे निघाले, त्याची लांबी एवढी होती की जवळपास पंधरा पृथ्व्या त्यावर ओळीने मांडता आल्या असत्या.

हा सगळा खेळ चालतो तो सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात. त्याचं नाव करोना. दचकू नका. करोना म्हणजे मुकुट. २०२० साली ज्या विषाणूने आपल्याला घरात कोंडलं, त्याच्या कडेचे काटे सूर्याच्या या मुकुटासारखे दिसतात म्हणून त्या जातीच्या विषाणूंना ते नाव पडलं. मूळ मान सूर्याचाच.

या करोनाची एक गंमत ऐका. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापलेला. आणि त्याच्याबाहेरचा करोना? दहा लाख अंशांहून जास्त! चुलीपासून लांब गेलं की धग कमी व्हायला हवी, इथे उलटं. यामागेही त्या चुंबकी रेषाच आहेत असं शास्त्रज्ञ मानतात, पण नेमकं कसं, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आता अडचण अशी, की पीळ नेमका कुठे आणि किती आहे हे कळल्याशिवाय वादळाचा अंदाज बांधता येत नाही. पण करोनाचं चुंबकत्व मोजणं महाकठीण. सूर्याच्या पृष्ठभागावरचं मोजता येतं. चुंबकाजवळ प्रकाशाच्या रेषांना फाटे फुटतात, त्यावरून १९०८ साली जॉर्ज हेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने सूर्यावरच्या डागांतलं चुंबकत्व ओळखलं. करोनाचा प्रकाश मात्र सूर्याच्या तबकडीच्या साधारण दहा लाखांशाइतकाच. दिवसाढवळ्या सूर्याच्या उजेडात तो हरवून जातो. मग करायचं काय?

चार मापं आणि पूर्ण ब्लाउज

इथे कॉम्प्युटर येतो. मी शिवणक्लास चालवते, म्हणून मला हे माझ्या भाषेत असं समजलं. आपण छाती, कंबर, बाही, खांदा अशी मोजकी मापं घेतो आणि त्यावरून पूर्ण ब्लाउज बेततो. मधला प्रत्येक इंच काही मोजत नाही. कापड कसं बसेल याचे नियम आपल्याला ठाऊक असतात. शास्त्रज्ञांनी तेच केलं. सूर्याच्या पृष्ठभागावरची चुंबकत्वाची मापं घ्यायची, आणि विज्ञानाचे नियम लावून वरच्या करोनातल्या रेषा कशा असतील ते गणिताने बेतायचं. या बेतण्यालाच 'मॉडेल' म्हणतात.

पहिली सोपी रीत १९६९ साली मांडली गेली. करोनात विजेचे प्रवाह नाहीतच असं धरून चालायचं आणि सूर्याच्या मध्यापासून त्याच्या त्रिज्येच्या अडीचपट अंतरावर सगळ्या रेषा सरळ बाहेर वळतात असं मानायचं. ढोबळ रीत, पण आजही वापरतात. घाईच्या वेळी आपण मापाच्या जुन्या ब्लाउजवरून बेततो ना, तसं.

पण पीळ म्हणजेच विजेचा प्रवाह. तो नाहीच असं मानलं तर वादळ कुठून येणार? म्हणून पुढे अवघड रीत आली. दोरीवर नऊवारी वाळत घातली आणि वारा सुटला, तर वारा साडीला हलवतो आणि साडी वाऱ्याला अडवते. करोनात वायू आणि चुंबकी रेषा अशाच एकमेकांना ढकलत, ओढत असतात. हे सगळं गणितात बसवायचं तर सूर्याभोवतीच्या जागेचे लाखो-कोटी बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात दर क्षणी वायू किती तापला, कुठे सरकला, रेषा किती वळली, हे मोजत जायचं. घरच्या कॉम्प्युटरचं हे काम नाही. त्याला हजारो प्रोसेसर एकत्र जोडलेला महासंगणक लागतो.

तरीही एक मोठी पंचाईत उरतेच. आपल्याला पृथ्वीवरून सूर्याची एकच बाजू दिसते. भाकरीची वरची बाजू दिसतेय, तव्याकडची नाही! सूर्य आपल्याकडून पाहता सुमारे २७ दिवसांत फिरतो. म्हणजे पलीकडच्या बाजूची मापं आपल्याकडे असतात ती जुनी, दोन आठवड्यांपूर्वीची. तेवढ्यात तिथे नवा डाग उगवला असेल तर मॉडेलला पत्ताच नाही. आणि ध्रुव तर आपल्याला कायम तिरकेच दिसतात. युरोपचं 'सोलर ऑर्बिटर' हे यान २०२५ साली थोडं वर चढलं आणि त्याने सूर्याच्या दक्षिण ध्रुवाची चित्रं पाठवली, ती जून २०२५ मध्ये जाहीर झाली. तोवर मॉडेलमध्ये ध्रुवांची मापं बरीचशी अंदाजानेच भरावी लागत होती.

ग्रहण म्हणजे ट्रायल

ब्लाउज बेतला, शिवला. बरोबर झाला की नाही हे कधी कळतं? अंगात घालून बघितल्यावर. मॉडेलची ट्रायल होते खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी. चंद्र सूर्याची तबकडी पूर्ण झाकतो आणि त्या दोन-चार मिनिटांत करोना उघड्या डोळ्यांना दिसतो. त्याचे पांढरे तुरे चुंबकी रेषांच्या आकारानेच पसरलेले असतात. तेव्हा मॉडेलने काढलेलं चित्र आणि खरं आकाश शेजारी ठेवून ताळा करता येतो.

मला सगळ्यात आवडलं ते हेच. ग्रहणाच्या आधीच ही मंडळी आपलं चित्र सगळ्यांसमोर मांडतात. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत खग्रास ग्रहण झालं. सॅन दिएगोच्या 'प्रेडिक्टिव्ह सायन्स' या संस्थेने नासाच्या महासंगणकावर गणित करून करोना कसा दिसेल याचं चित्र आधीच जाहीर केलं होतं. आणि बरं का, आपल्या कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या दिव्येंदू नंदी यांच्या गटानेही वेगळ्या रीतीने आपला अंदाज आधीच मांडला होता. पुढे खऱ्या करोनाशी ताळा करून तो त्यांनी २०१८ साली शोधनिबंधात छापलाही.

८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाचा पेपर जास्त अवघड होता. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र असतं, आणि तेव्हा तो ऐन भरात होता. रोज नवे डाग, रोज नवे गुंते. एकदा मापं घेऊन भागणार नव्हतं. म्हणून सॅन दिएगोच्या गटाने ग्रहणाच्या आधीचे काही आठवडे उपग्रहाकडून येणारी ताजी मापं मॉडेलला सतत पुरवली आणि चित्र बदलत ठेवलं. ग्रहणाच्या दिवशी एकंदर रूप बरंच जुळलं, काही तुरे मात्र दाखवल्या जागी नव्हते. त्यांनी ते लपवलं नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. चुकलेला तुरा हाच पुढचा धडा, अशी त्यांची रीत.

अलीकडे ताळा करायचे आणखी मार्ग निघाले आहेत. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावरच्या दुर्बिणीने २०२२ साली आठ महिन्यांत करोनाच्या चुंबकत्वाचे शंभराहून जास्त नकाशे काढले, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नासाचं 'पार्कर' यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. करोनात शिरून आलेलं हे यान. म्हणजे आता ग्रहणाची वाट न बघताही मॉडेलला तपासता येऊ लागलं आहे.

पण एक कबुली शास्त्रज्ञ स्वतःच देतात, आणि ती आपणही लक्षात ठेवायला हवी. लोंढा निघाल्यावर तो कधी पोचेल हे काही तासांच्या फरकाने सांगता येतं. तो किती त्रास देईल हे मात्र त्याच्या पोटातल्या चुंबकाचं तोंड कुठे आहे यावर ठरतं. ते दक्षिणेकडे असलं तर पृथ्वीच्या चुंबकी कवचाचं दार उघडतं, उत्तरेकडे असलं तर बरंचसं बाहेरच्या बाहेर टळतं. आणि हे तोंड अजून आधी खात्रीने सांगता येत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, राखणीला ठेवलेल्या यानांपाशी लोंढा पोचला की मगच कळतं. तिथून तो आपल्यापाशी यायला पाऊण-एक तास, कधी तर पंधरा-वीस मिनिटंच. कुकरच्या चार शिट्ट्या व्हायला लागतो तेवढाच वेळ!

सूर्य आपल्याही अंगणातला

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण शोधता शोधता आपलीच गावं भेटत गेली.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर झालेला स्फोट रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज गृहस्थांनी पाहिला. त्यानंतर जे वादळ आलं, ते इतिहासात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक. तारयंत्रं बिघडली, ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची फार मोलाची नोंद कुठली? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची! तिथली चुंबकी मापं २००३ साली नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ष लखिना आणि एस. अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा अभ्यासली आणि वादळ किती मोठं होतं ते जगापुढे मांडलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी इमानाने वहीत आकडे लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झालं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मापं बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून अलिबागची वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाडी बघते आहे.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण तर महाराष्ट्रावरूनच गेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल येऊन राहिले. पुण्याचे कावसजी नायगमवाला यांनीही तिथेच दुर्बिणी लावल्या. इकडे कोकणात विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर. सातासमुद्रापलीकडून माणसं आली ती दोन मिनिटांचा करोना बघायला आणि त्याचे फोटो घ्यायला. तेव्हा करोना कसा दिसेल हे आधी सांगणारं कुणी नव्हतं. आज सांगता येतं, हाच सव्वाशे वर्षांतला फरक.

आणि आजचं सांगायचं तर आपलं 'आदित्य एल-१'. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या १५ लाख किलोमीटरवरच्या राखणीच्या जागी पोचलं. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली, डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेने. दुसरी बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची, ती सूर्याची तबकडी झाकून रोजच कृत्रिम ग्रहण लावते आणि करोना बघते. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी, तामिळनाडूतल्या सेंगोट्टै या छोट्या गावात शाळा शिकलेल्या. आपल्या गटातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

धोक्याचं म्हणाल तर, १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर मध्यम वादळातही स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह वर टिकू शकले नाहीत. आपण ध्रुवांपासून लांब, त्यामुळे विजेच्या तारांना आपल्याकडे धोका त्यांच्यापेक्षा कमी. पण नकाशे, विमानं, समुद्रावर गेलेल्या होड्यांची दिशा, हे सगळं आता उपग्रहांवर चालतं. म्हणून खरा इशारा वेळेवर मिळणं ही चैन नाही, गरज आहे. इशारा आधी मिळाला तर वीज कंपन्या भार कमी करू शकतात, उपग्रहवाले सावध होऊ शकतात. त्यासाठी त्या मॉडेलवर खर्च होणारा पैसा मला तरी वाया वाटत नाही.

मग आपण काय शिकायचं?

मी घेतलेला धडा सांगते. अंदाज सांगणारे चहूकडे आहेत. टीव्हीवर भविष्यवाले आहेत, ग्रुपवर मेसेज आहेत, शास्त्रज्ञही आहेत. ओळखायचं कसं? मी आता चार प्रश्न विचारते. एक, सांगणाऱ्याचं नाव-गाव आहे का, की नुसतंच 'नासाने सांगितले'? दोन, तारीख आहे का, की दरवर्षी तोच 'आज रात्री'? हा साडेबारा ते साडेतीनचा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, हे मला नंतर कळलं. तीन, किती खात्री आणि कुठे चुकू शकतं, हे सांगितलंय का? आणि चार, आधीचा अंदाज चुकला तेव्हा त्याने तो कबूल केला का? जो आपली चूक चारचौघांत मांडतो, त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवावा. खोट्या मेसेजला ताळा नसतो. तो चुकला तरी उत्तर द्यायला कुणी नसतं.

ग्रहणाचंही तसंच. आपल्याकडे अजून ग्रहण लागलं की गरोदर सुनेला खोलीत बसवतात. चिरायचं नाही, खायचं नाही, हलायचं नाही. थोरामोठ्यांचा हेतू काळजीचाच असतो, तो मी नाकारत नाही. पण ग्रहणातला सूर्य वेगळे किरण सोडत नाही. जपायचे ते डोळे, आणि ते सगळ्यांनीच. खास चष्म्याशिवाय सूर्याकडे बघू नये, एवढंच. पोटुशी बाई तहानलेली-भुकेली राहिली तर त्रास नक्की होतो, आणि तो ग्रहणाने होत नाही, आपण करतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी मोठं ग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आणि आपल्या पश्चिम भारतातून संध्याकाळकडे थोडासा भाग झाकलेला दिसेल. त्या दिवशी आमच्या गटाने चष्मे आणायचं ठरवलंय. वन्सं येणार आहेत शिकवायला. सासूबाई अजून 'बघू' म्हणतात. 'नाही' म्हणत नाहीत, हेच पुष्कळ.

आणि हो, जूनच्या गटाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, तो मेसेज मी न तपासता टाकला होता, चूक माझी. जीभ जड झाली होती. पण चुकलेले तुरे सगळ्या जगासमोर शेजारी ठेवणाऱ्या माणसांबद्दल इतकं वाचल्यावर गप्प बसवेना. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं, तू तरी कबूल केलंस." तेव्हापासून गटाचा नियम आहे, कुणी अशी सूचना टाकली तर ती कुठून आली हे आधी लिहायचं. मेसेज निम्म्यावर आलेत.

काकूंची ती नात आता दुडुदुडु धावते आणि आजीचा फोन पळवते. काकूंनी त्या रात्रीनंतर फोन एकदाही बंद केलेला नाही.